अडवलेला माल

दहांतले तीन व्हॉल्व्ह वेळेवर उघडलेच नाहीत. राधिकाने तापलेल्या तेलातला थर्मामीटर पुन्हा पाहिला, नवे दहा घेतले, तेही तापवले. या वेळी चार उघडले नाहीत. वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या छोट्या गाळ्याबाहेर टेम्पो चालू करून ठेवलेला होता. तिने तपासणीचा कागद ओढला आणि अख्ख्या लॉटसाठी लाल पेनने लिहिलं : पाठवू नये.

हे प्रेशर कुकरचे सेफ्टी व्हॉल्व्ह होते. शिटी तुंबली तर यांच्यातल्या धातूने वितळून वाफेला वाट करून द्यायची. चेन्नईहून एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन आलेली मुलगी दीड वर्ष हेच तपासत होती. १९९९ साल होतं. विमानांच्या कंपन्यांना तिने पाठवलेल्या बहुतेक अर्जांना साधं उत्तरही आलं नव्हतं. गावी, सांडोरला, तिचे वडील एकनाथ केळीचे घड उतरवताना भेटेल त्याला सांगत, "पोरगी विमानाची इंजिनिअर आहे." मग लोक तिला विचारत, "कुठे असतेस हल्ली?" ती "वालीवला" म्हणे आणि पुढचा प्रश्न येण्याआधी सायकल काढे.

आता बंगळूरच्या एका कंपनीत मुलाखत होऊन सहा आठवडे झाले होते. विमानांचे सुटे भाग तपासायचं काम. अर्जात सध्याच्या मालकाचा फोन नंबर द्यावा लागला होता. तेव्हापासून गाळ्यातला फोन वाजला की तिच्या हातातलं काम थांबायचं. रात्रीची झोप तुटक झाली होती. जेवणाच्या सुट्टीत ती दोन घास खाऊन उठायची आणि गल्लीत येरझाऱ्या घालत राहायची.

गाळ्याचे मालक हिलरी परेरा कागद घेऊन तिच्या टेबलाशी आले.

"पार्टीला आज माल पाहिजे. वीस वर्षं मी हे बनवतोय. बाय, हे विमान नाही, कुकर आहे."

याच माणसाच्या शब्दावर बंगळूरचं सगळं अडलेलं आहे, हे राधिकाला ठाऊक होतं. 

"विमान पडलं तर पेपरात येतं, अंकल," ती म्हणाली. "कुकर फुटला तर फक्त शेजाऱ्यांना कळतं. मी सही करणार नाही."

"मग मी करतो."

"करा. पण तपासणाऱ्याच्या जागी माझं नाव आहे, ते आधी खोडा."

हिलरींनी पेन उघडलं. नावावर टेकवलं. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो घेतला, आणि दोन वाक्यांतच राधिकाला कळलं की फोन कुठून आलाय.

"ही मुलगी? कशी म्हणजे काय सांगू, साहेब. डोक्याला ताप. आत्ता टेम्पो दारात उभा आहे आणि हिने सगळा माल अडवलाय. या वर्षातली ही तिसरी खेप... नाही, ऐकत नाही. कुणाचंच नाही. मी मालक आहे, माझंही नाही. गोड बोलून झालं, ओरडून झालं... नाही, चूक तिची नव्हती. आधीच्या दोन्ही वेळा तीच बरोबर निघाली. पण धंदा असा होतो का, तुम्हीच सांगा."

राधिकाने तेलाखालचा बर्नर बंद केला.  सकाळचे अकराच वाजले होते, तरी तिने डबा पिशवीत टाकला. घरी काय सांगायचं याची वाक्यं ती मनात जुळवू लागली, एकही पुरं होईना.

हिलरींनी पलीकडचं ऐकून घेतलं. मग त्यांनी रिसीव्हर हळूच ठेवला. दारापर्यंत जाऊन त्यांनी टेम्पोवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं आणि परत येऊन तिच्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"बंगळूरवाले होते ना?" राधिकाने विचारलं. "काय म्हणाले?"

"मी एवढं बोललो, त्यावर काही नाही," हिलरी म्हणाले. "एकच विचारलं. एक तारखेपासून पाठवता का हिला."