हाफ क्लच

“क्लच एकदम सोडू नकोस. अर्धाच सोड. गाडीला अंदाज येऊ दे,” नवरा म्हणाला.

गाडीला काही अंदाज आला नाही. दोन आचके देऊन ती बंद पडली आणि चढावरून मागे घरंगळायला लागली. त्याने झटकन हँडब्रेक ओढला. खाली निळा समुद्र, वर डोंगराच्या टोकातून निघणारा पांढरा धूर, आणि मधल्या मध्ये भाड्याच्या गाडीत घामाने थबथबलेली ती.

“आपण सुट्टीवर आलोय की ड्रायव्हिंग स्कूलला?” ती म्हणाली. “लोक बघा, बेटावर येऊन पाय पसरून पडतात.”

“संध्याकाळी पड की. आधी ही वर ने.”

“तुम्ही आहात ना चालवायला.”

“मी काय कायम शेजारी बसणार आहे?”

तो हसत म्हणाला, पण हसू ओठांवरच अडकलं. तिने मान वळवून किल्ली फिरवली.

हे असं कितीतरी दिवस चाललं होतं. शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करत गावोगाव फिरणारा हा माणूस. घरचा गळका नळ वर्षभर गळू द्यायचा. त्याने अचानक सगळे नळ बदलले, दारांच्या कड्या घट्ट केल्या. बँकेची कामं फोनवरून कशी करायची ते तिला तीनतीनदा शिकवलं. गोड सोडलं. इतका वाळला, की पडदे शिवायचं काम बाजूला ठेवून तिनेच त्याच्या सगळ्या पँट कमरेत आत घेतल्या. “बरं नाही का?” विचारलं की म्हणायचा, “छे! उलट हलकं वाटतंय.”

आणि मग हे बेट. ज्वालामुखी बघायचाय, असं ती लग्न झालं तेव्हा कधीतरी म्हणाली होती. तेव्हा त्याने “घरात तू आहेस ना” म्हणून उडवून लावलं होतं. आता स्वतःहून तिकिटं काढून आणली. इथल्या काळ्या वाळूने तिचे तळवे पोळले, तर हा तिला हाताला धरून पाण्यापर्यंत घेऊन गेला. भाजीत मीठ कमी पडलं तरी भुवई चढवणारा माणूस! तिला तो हात सोडवेना, आणि धरवेनाही.

काल दुपारी तर उरलीसुरली आशाही गेली. ती पंख्याखाली डोळे मिटून पडली होती. तो गॅलरीत फोनवर हळू आवाजात बोलत होता. “नाही, अजून नाही सांगितलं. कसं सांगू? कोसळेल ती. हो, परत जायच्या आत सांगतो. नक्की.”

तिने कूस बदलली नाही. तो अंघोळीला गेल्यावर मोठ्या बहिणीला फोन लावला.

“अगं, तुझा नवरा मुलखाचा घुमा,” ताई म्हणाली. “तो काय सांगतोय! तूच विषय काढ. आणि त्याच्यासमोर भोकाड पसरू नकोस. त्या बिचाऱ्याला आधीच स्वतःचं ओझं कमी आहे का?”

“ताई, हे नसले तर मी काय करू गं?”

“जप गं,” एवढंच म्हणून ताईने फोन ठेवला. एरवी तास झाला तरी ती फोन सोडायची नाही.

त्यानंतर ती मनातल्या मनात हात पसरत राहिली. घर जाऊ दे, शिलाई मशीन जाऊ दे, हवं तर माझ्याशी बोलणंही टाकू दे, पण हा माणूस राहू दे. हा कुठेतरी असू दे.

चौथ्या की पाचव्या खेपेला गाडी चढली. वर पोचल्यावर त्याने टाळ्या वाजवल्या. “जमलं बघ! आता मला तुझी काळजी नाही.”

कठड्यापलीकडे विवराचं तोंड होतं. कुजक्या अंड्यांसारखा वास येत होता. कठड्याचा दगड उन्हाने तापला होता की आतल्या आगीने, कळत नव्हतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिने दोन्ही हात दगडावर टेकले.

“अहो, मला कळलंय.”

“काय?”

“काल तुम्ही फोनवर बोलत होतात तेव्हा मी जागी होते.”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “सगळं ऐकलंस?”

“ऐकलं तेवढं पुरे झालं. इतके महिने एकटे कुढत बसलात. मी काय परकी होते?”

“तुला सहन होणार नाही असं वाटलं गं.”

“होईल. करीन मी सहन.” तिने आवाज सांभाळला. “असे अपराध्यासारखे बघू नका. यात तुमची काय चूक? हे काय कुणाच्या हातात असतं?”

“नसतं गं. शपथ सांगतो, नसतं.” त्याचे डोळे भरून आले. लग्नानंतर पहिल्यांदाच तो तिच्यासमोर रडत होता. तिने पदराने त्याचे गाल पुसले.

“किती दिवस आहेत?” तिने विचारलं.

“महिनाअखेरपर्यंत.”

“इतक्यात?”

“लांबवून तुझेच हाल होतील. घर तुझ्या नावावर केलंय. आपली गाडीही तुलाच ठेवायची, म्हणून तर तुला शिकवत होतो.”

“जाळायचंय का मला घर आणि गाडी?” तिचा आवाज चिरकला, पण ताईचं बोलणं आठवून तिने ओठ दाबले. मग त्याचं डोकं जवळ घेऊन केसांवरून हात फिरवला. “तुम्ही माझ्यात जीव अडकवू नका. शांत मनाने जा. मी अडवणार नाही.”

तो तिच्या खांद्यावर कितीतरी वेळ हमसून हमसून रडला. शेवटी नाक पुसत त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“देवमाणूस आहेस तू,” तो म्हणाला. “तुझे हे उपकार आम्ही दोघं जन्मभर विसरणार नाही.”