दुबार नोंद

‘ताई, तुमचे वडील आमच्याकडे आधीच हरवलेत,’ पोलीस ठाण्याच्या खिडकीतला कारकून म्हणाला.

‘म्हणजे?’

त्याने स्क्रीन जरा तिच्याकडे वळवली. लाल चौकटीत लिहिलं होतं : या मोबाइल नंबरावर नोंद आधीच आहे. दुबार नोंद करू नये.

‘मी तर आत्ता पहिल्यांदा येतेय.’ तिच्या हातातल्या फोटोचा कोपरा घामाने वाकला होता. सकाळी ती औषधाच्या दुकानातून परत आली तर दार सताड उघडं, चपला दाराशीच आणि नाना नाहीत. सगळ्या गल्ल्या पालथ्या घालून झाल्या होत्या. हल्ली नानांना मोठा रस्ता कुठून ओलांडायचा ते आठवत नसे, आणि मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकांना नाना आठवायचं काही कारण नव्हतं.

‘घाबरू नका. हे मशीन सगळ्यांवरच भुंकतं,’ कारकून म्हणाला. ‘वरून आलंय ते. एकच माणूस दोनदा हरवू नये म्हणून. आम्ही काय करतो, नंबराच्या आधी एक शून्य लावतो. गप्प बसतं बिचारं.’

त्याचं बोट शून्यावर गेलंसुद्धा.

‘थांबा. आधीची नोंद कोणाची आहे?’

‘ती उघडली तर ही भरलेली सगळी पुसली जाईल, ताई. परत उंची, रंग, बांधा. मागे लोक खोळंबलेत.’

‘लावू द्या की हो शून्य,’ रांगेतून कोणीतरी म्हणालं.

‘पुसू दे,’ ती म्हणाली. ‘तो नंबर माझा आहे. नानांच्या खिशात आतून शिवलाय मी. तुम्ही उघडा.’

कारकुनाने सुस्कारा सोडला, नोंद उघडली आणि वाचायला लागला. ‘हरवलेली व्यक्ती, मुलगी. वय आठ. पिवळा फ्रॉक, पुढचा दात पडलेला, एकाच पायात चप्पल. हाक मारायचं नाव भिंगरी.’ त्याने मान वर केली. ‘मुलगीपण हरवलीय का तुमची?’

तिने खिडकीची कड धरली. भिंगरी म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं.

‘ती मी आहे,’ ती म्हणाली. ‘तक्रार कोणी दिलीय?’

‘वडिलांनी. सकाळच्या पाळीत.’

‘वय काय लिहिलंय त्यांचं?’

‘तक्रारदाराच्या वयाच्या रकान्याला सक्तीची चांदणी नाही, ताई. चांदणी नसलेलं आम्ही भरत नाही.’ तो आणखी खाली गेला. ‘काम मात्र चोख झालंय हं. दोन शिपाई सकाळपासून शाळाशाळांतून पिवळा फ्रॉक शोधतायत.’

‘आणि वडील?’

‘शेरा आहे. मुलगी सापडेपर्यंत जाणार नाही म्हणतात, सबब मागच्या व्हरांड्यात बसवले आहे.’

ती धावली.

व्हरांड्यात मोडक्या खुर्च्यांची चळत होती. चळतीशेजारी बाकाच्या अगदी टोकाला नाना बसले होते. अनवाणी, गुडघे जुळवून, नजर दारावर. पायांना वाळलेला चिखल होता. बाकी नाना धड होते.

‘नाना.’

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग सरकून जागा केली.

‘बसा ना. तुमचंही कोणी हरवलंय का?’

ती बसली.

‘वडील,’ ती म्हणाली.

‘अरेरे. सापडतील हो. इथली माणसं चांगली आहेत. सारखी येऊन सांगून जातात, शोध चालू आहे म्हणून.’ मग त्यांनी आवाज खाली आणला. ‘माझी पोर आहे. रस्ता ओलांडत होतो. हात सुटला माझ्याकडून. एवढंच झालं.’

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो ठेवू दिला, परक्या बाईच्या दुःखाला ठेवू द्यावा तसा.

कारकून दारात येऊन उभा होता. कधी नव्हे ते खिडकी सोडून आला होता.

‘सापडले ना, ताई? छान झालं. मग तुमची नोंद करत नाही. दुबारचा प्रश्नच मिटला.’

नाना घाईघाईने उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

‘साहेब, माझं होईल सावकाश. आधी यांचं बघा. एकट्याच आल्यात.’

कारकुनाने तिच्याकडे पाहिलं.

‘लावा ते शून्य,’ ती म्हणाली.