कागदावरचे महापौर

मालन येळेगावकरांचं व्यंगचित्र प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळं उमटे. वाचणाऱ्याला रुचेल तसं वर्तमानपत्राचं यंत्र ते बदले, म्हणून मालनताईंनी त्याखाली सही करणं कधीच सोडलं होतं. महापौरांच्या चाहत्यांना त्यात विरोधी नेता दिसे, विरोधकांना महापौर. शहराला महिनाभर पाणी नव्हतं, तरी जो तो दुसऱ्यालाच हसत होता. शेवटी मालनताईंनी कोरड्या नळाखाली घोरणारे महापौर शाईने कागदावर काढले आणि वर्तमानपत्राच्या दारावर चिकटवले.

"नोकरी जाईल," संपादक म्हणाले.

"जाऊ दे."

दुपारी दारासमोर गर्दी झाली. दोन्ही पक्षांची माणसं प्रथमच एका चित्राला हसत होती. स्वतः महापौर आले.

"मालनताई, हे काढा."

"नळाला पाणी आलं की काढते," त्या ताठ मानेने म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी पाणी आलं. मालनताईंनी चित्र उतरवलं आणि कित्येक वर्षांनी खाली आपली सही केली.