सतराशे वीस मिनिटं

लेकीने स्टिअरिंगखालच्या खाचेत स्कॅनरची वायर खुपसली आणि कप्तान दोन पावलं मागे सरकले.

तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. गाडी त्यांची, गॅरेज लेकीचं. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता, गाडी उभ्या जागी थरथरत होती, आणि लेक त्याचं कारण शोधत होती, बस्स. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही. पस्तीस वर्षं कंपनीच्या साहेबांच्या गाड्या चालवल्या, एक ओरखडा उठू दिला नाही, म्हणून अख्खी कंपनी ज्याला कप्तान म्हणायची, तो माणूस आज पंज्याएवढ्या स्कॅनरच्या डबीकडे बघून घाम पुसत होता.

"सोमवारी गाडी एका किल्लीत सुरू झाली पाहिजे हं," लेक स्क्रीनवर बोट फिरवत म्हणाली. "तुमच्या नातीने वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलंय, आता व्हॅन बंद, मला शाळेत कप्तान सोडणार."

"सोडणार तर! त्यात काय एवढं?" कप्तान म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

डबी टुक् करून वाजली. लेकीने वाचलं, मान हलवली, बॉनेट उघडून एक प्लग काढला आणि उजेडात धरला.

"पेट्रोल नीट जळत नाहीये. हा बघा, काजळीने नुसता माखलाय. गेल्या महिन्यात तर नवे घातले होते मी."

"हल्ली पेट्रोलच कसलं येतं कोण जाणे."

"रोज फिरवता ना गाडी?"

"म्हणजे काय! तुझ्या आईला विचार. चहा झाला की चक्कर ठरलेली. तळ्यापर्यंत जाऊन येतो. वीसेक किलोमीटर सहज."

आईला विचारून काय कळणार होतं, कप्पाळ! घराच्या खिडक्या सगळ्या पुढच्या रस्त्यावर, आणि गाडी मागच्या अंगणात. कप्तान रोज जिना उतरायचे, गाडीत बसायचे, इंजिन चालू करायचे आणि हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. इंजिन रोज चालू ठेवलं की गाडीला काही होत नाही, ही ड्रायव्हर मंडळींची जुनी समजूत; उभ्या गाडीत इंजिन चालत राहिलं की प्लगवर काजळी धरते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पाऊण तास झाला की किल्ली काढायची आणि वर जाऊन सांगायचं, "आज गर्दी फार होती बुवा."

गेल्या महिन्यात सर्व्हिसिंग करून गाडी घरी नेताना चौकात सायकलवरची एक बाई त्यांना दिसलीच नव्हती. लख्ख ऊन होतं. ब्रेक लागला तो तिच्या किंकाळीने. चाकात आणि सायकलीत वीतभर अंतर उरलं. बाईने तोंडाला येईल ते सुनावलं आणि कप्तानांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. आज गॅरेजपर्यंत गाडी आणली तीसुद्धा रस्ते जागे व्हायच्या आत, दुसऱ्या गिअरच्या वर न जाता. यातलं अवाक्षर त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की किल्ली जाणार, आणि किल्ली गेली की कप्तान कसले?

लेकीने स्कॅनरवर पुढचं पान उघडलं. मग तिचं बोट थांबलं.

"बाबा, मागच्या वेळी मी जुन्या बिघाडांच्या नोंदी पुसल्या होत्या ना, तेव्हापासून गाडी हे मोजत असते. इंजिन किती वेळ चाललं, गाडी किती धावली."

"असं?"

"इंजिन चाललंय सतराशे वीस मिनिटं."

"बघ! फिरवतोय की नाही रोज?"

"आणि गाडी धावलीय चार किलोमीटर."

गॅरेज ते घर दोन, घर ते गॅरेज दोन. ही बेरीज करायला कप्तानांना कागद लागला नाही. त्यांची कानशिलं तापली.

"डबी बिघडली असेल तुझी."

लेकीने नव्या प्लगांचा खोका पुढे ओढला. बापाला खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तेच कप्तानांना जास्त लागलं. ती भांडली असती तर त्यांनाही भांडता आलं असतं. तिने चारही प्लग बदलले, इंजिन चालू करून बघितलं, बंद केलं. थरथर गेली होती.

"गाडी ठणठणीत आहे," ती फडक्याला हात पुसत म्हणाली. "आता एवढं पुसलं की सगळे आकडे शून्य. कुणाला काही कळायचं नाही, आईलाही नाही. मीही विचारणार नाही." ती जरा थांबली. "पण सोमवारी मागच्या सीटवर माझी पोर असणार आहे, बाबा. पुसायचं का ते डबी विचारतेय. तुम्हीच दाबा काय ते."

तिने स्कॅनर त्यांच्या हातात दिला. उघड्या दारात वाकून कप्तानांनी तो वायर पुरेल तेवढा लांब धरला, मग नाकाजवळ आणला, पुन्हा लांब नेला. पडद्यावर दोन चौकोन होते आणि दोन्हींत काहीतरी लिहिलेलं होतं. त्यांनी अंगठा एका चौकोनावर नेला. अंदाजाने दाबता आलं असतं. दोनातलं एक तर बरोबर निघालंच असतं.

अंगठा तसाच अधांतरी राहिला.

"पोरी," शेवटी ते म्हणाले, "यातलं हो कुठलं आणि नाही कुठलं? मला दिसत नाहीये गं."