राहिलेली भेट

२०१४ च्या जूनमध्ये पुजा पवारनं हिंगोलीत खोली धरली. डेपोमागं आता तीन मजली घरं आहेत. तेव्हा सगळे पत्रेच होते. नळ चौथ्या दिवशी यायचा. दवाखान्यातल्या नव्या नर्सला परवडेल अशी खोली सुमनबाईंकडंच होती.

पुजा फाटकाशी पोचली तेव्हा सुमनबाई एका जोडप्याशी बोलत होत्या.

"नाव काय म्हणला?"

"रूपसिंग."

"खोली गेली. कालच गेली."

रूपसिंग बायकोची पिशवी उचलून निघून गेला. सुमनबाई पुजाकडं वळल्या. साठीच्या बाई, एवढ्या उकाड्यातही मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं.

"खोली हाये. कोणाच्या तुमी?"

"पवार. शिरड शहापूरच्या."

"शेती?"

"व्हय."

यातलं खोटं काहीच नव्हतं. फक्त शिरड शहापूरच्या पुढं दोन मैलांवर तिचा, बंजाऱ्यांचा तांडा होता, आणि तो पुजानं सांगितला नाही.

"तांड्याच्या लोकांला मी देत न्हाई," किल्ली हातात ठेवत सुमनबाई म्हणाल्या. "आधीच सांगून ठेवते."

"बरोबर हाये, काकू."

हे 'बरोबर हाये' पुजाला पुढं कित्येक दिवस घासाबरोबर आठवायचं.

तशा सुमनबाई वाईट नव्हत्या. पुजाला ड्यूटी असली की तिच्या घागरी भरून ठेवायच्या. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. त्यांच्याकडं कधी कुणी पाहुणा आला नाही. माहेर विचारलं तर "लांब हाये," एवढंच.

शेजारच्या खोलीत विश्वंभर राहायचा, एसटीचा कंडक्टर. तो म्हणायचा, "जनगणनेला माणसं काहून पाठवतात? आपल्या काकूला सांगा. गल्ली मोजून देतील, सोयऱ्याधायऱ्यांसकट."

दिवाळीत पुजाला सुट्टी मिळाली नाही. पाच महिने घर दिसलं नव्हतं. आईचा, जिवनबाईचा, फोन आला. "मीच येते."

आईनं जन्मात साडी नेसली नव्हती. आरशांचा घागरा, डोक्यावरून ओढणी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. आणि वर ते रडणं. तांड्यातल्या बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडतात, चालीवर. कोण गेलं, कोण जन्मलं, किती दिवस तोंड दिसलं नाही, सगळं त्यातच सांगायचं. ते झाल्याशिवाय भेट झाली असं कुणी धरत नाही.

दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून पुजानं हळू आवाजात, तांड्याच्या बोलीत आईला सांगितलं, "गळ्यात पडू नको. आपल्या वावरात कामाला येणारी बाई, असं मी सांगीन. खोली जाईल गं माझी."

"बरं," आई म्हणाली.

ती आली तेव्हा सुमनबाई अंगणात गहू पाखडत होत्या. पुजाला पाहताच आईचे दोन्ही हात आपोआप वर आले. ते अर्ध्यावरच थांबले. मग तिनं ते जोडले.

"रामराम, बाईसाहेब."

सुमनबाईंचं सूप थांबलं. "कोण गं ही?"

"आमच्या वावरात असती कामाला," पुजा म्हणाली. "घरच्यांनी डबा देऊन पाठवलं."

तेवढ्यात ड्यूटी संपवून विश्वंभर खाकी शर्टाची बटणं काढत फाटकातून आत आला. "अरे, मावशी! घावली का लेक? काकू, माझ्या सगळ्या बसला सांगत आल्या ह्या, लेकीकडं चालले म्हणून!"

"घावंल की," जिवनबाई हसून म्हणाली. "तिकडं टेशनाकडं राहती ती. हितलं काम झालं की जाते."

सुमनबाई जिवनबाईकडं एकटक पाहत होत्या. मग कडक आवाजात म्हणाल्या, "बस तिथं पायरीवर. घागऱ्याचा आरसा लोंबून राहिला तुझा. माझ्या अंगणात काच नको पडायला."

आतून सुई-दोरा आणून त्या खाली बसल्या. चार टाक्यांत आरसा जागच्या जागी बसवला. एकदाही वर पाहिलं नाही. चहा दिला, तो कप ठेवताना बशीत सांडला. मग आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं, ते संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. तांड्याची बाई पायरीला बसवावी लागली, त्याचा राग असणार, असं पुजाला वाटलं.

चहा पिऊन आई उठली. पुजा फाटकापर्यंतही गेली नाही. कामाच्या बाईला पोचवायला कोण जातं?

पुजा तिथं चार वर्षं राहिली. आई पुन्हा आली नाही.

विश्वंभर रिटायर होऊन गावी गेला. रूपसिंगला स्टेशनापलीकडं खोली मिळाली, पुढं त्यानं तिथंच रसवंती टाकली. पुजाला कळमनुरीला सरकारी नोकरी लागली आणि २०२२ मध्ये तिनं हिंगोलीत दोन खोल्यांचं घर बांधलं. घरभरणीला तिनं सुमनबाईंना स्वतः जाऊन बोलावलं. दारातच आईला बसवलं, सगळ्या आरशांसकट. आठ वर्षं एक वाक्य तिनं मनात घोकून ठेवलं होतं.

"काकू, ही माझी आई. त्या दिवशी मी खोटं बोलले."

सुमनबाईंनी काठी भिंतीला टेकवली. आता काय ऐकावं लागतं म्हणून पुजा मान खाली घालून उभी राहिली.

सुमनबाईंनी दोन्ही हात वर केले. पोलक्याच्या बाह्या मागं सरकल्या, कोपरापर्यंत थेट आईसारखं हिरवं गोंदण उघडं पडलं. त्यांनी जिवनबाईच्या गळ्यात हात घातले आणि मोठ्यानं रडायला सुरुवात केली. चालीवर, मधेच श्वास घेत, ओळीमागून ओळ. जिवनबाईही त्या चालीत मिसळली.

त्या रडण्यातला एकही शब्द मराठी नव्हता.