लेखी कबुली

शाळा सोडल्याचा दाखला सहीसाठी मुख्याध्यापक फादरांच्या टेबलावर आला, तेव्हा मूल्यशिक्षणाच्या बाई समोरच्याच खुर्चीत बसल्या होत्या. ‘वर्तणूक’ या शब्दापुढची जागा कारकुनाने कोरी सोडली होती. इतर दाखल्यांवर तो डोळे मिटून ‘उत्तम’ लिहायचा. या वेळी त्याचा हात अडला होता.

दाखला भिंगरीचा होता. आठवीतली मुलगी, पायांना चाकं लावल्यासारखी वर्गभर फिरायची, म्हणून शिक्षकांच्या खोलीत तिचं हे नाव पडलं होतं. मागच्या सोमवारी गायनाच्या तालमीत शेजारची मुलगी खाली बसायला गेली आणि भिंगरीने गंमत म्हणून तिचं स्टूल मागे ओढलं. ती मुलगी हातावर पडली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. तिचे वडील शाळेच्या संचालक मंडळावर होते. भिंगरीला कोणी पाहिलं नव्हतं. फरशी गुळगुळीत झाली होती, स्टूल सरकलं असणार, असं सगळेच धरून चालले. फरशी पुसणाऱ्या मावशींना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

बुधवारचा पहिला तास बाईंचा. गुण नंतर, आधी माणूस घडला पाहिजे, ही या शाळेची रीत. चुकलेल्या मुलाला शिक्षा देऊ नये, कबुली द्यायचं बळ द्यावं, पुढचं काम क्षमा करते, असं संस्थापक मानायचे. सात वर्षांपूर्वी प्रवेशपुस्तिका नव्याने छापायची ठरली, तेव्हा हे सगळं सोप्या शब्दांत लिहून द्यायला फादरांनी बाईंनाच सांगितलं. आठवडाभर खोडाखोड करून बाईंनी एकच वाक्य दिलं: ‘आपली चूक कबूल करणाऱ्या मुलाला ही शाळा कधीही दूर लोटणार नाही.’ फादरांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते पहिल्या पानावर घातलं. त्या बुधवारीही बाईंनी वर्गाला हेच शिकवलं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत भिंगरी बाईंकडे आली. रडली नाही. मावशींचा काही दोष नाही, एवढं आधी म्हणाली आणि मग बाकीचं एका दमात सांगून टाकलं. बाईंचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत आपल्या तासाचं असं फळ त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनीच कागद पुढे केला. तोंडी बोललेलं हवेत विरून जातं, लिहिलं की मन मोकळं होतं, असं समजावलं. भिंगरीने सुबक अक्षरात सगळं लिहिलं, खाली सही केली. मावशी शुक्रवारी कामावर परत आल्या. शनिवारी तो कागद मंडळाच्या बैठकीत पोचला आणि भिंगरीला शाळेतून काढायचं ठरलं.

आता बाईंनी सगळे उपाय करून पाहिले. हात मोडलेल्या मुलीने स्वतः वडिलांची विनवणी केली आहे, हे सांगितलं. पुस्तिकेचं पहिलं पान उघडून समोर ठेवलं. शेवटी आपला राजीनामा देऊ केला. फादर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“राजीनाम्याने हा दाखला थांबणार असता तर मीच आधी दिला असता,” ते म्हणाले. “बाई, पुरावा नाही म्हणून मी मंडळाशी कितीही भांडलो असतो. पण ही तिच्या हातची कबुली आहे. तिच्यापुढे मी काय बोलू?”

फादरांनी कोऱ्या जागेत ‘उत्तम’ लिहिलं आणि सही केली. त्यांच्या हातात तेवढंच उरलं होतं.

बाहेर बाकावर भिंगरीची आई बसली होती. दवाखान्यातल्या कपड्यांना इस्त्री करायचं तिचं काम. अर्ध्या दिवसाची सुटी काढून आली होती. शेजारी भिंगरी, दप्तर पाठीला, मान खाली. बाईंनी मनाची तयारी केली होती. ही आई ओरडेल, चारचौघांत जाब विचारेल, वाटेल ते बोलेल. सगळं मुकाट्याने ऐकून घ्यायचं, असं त्या ठरवूनच बाहेर आल्या होत्या.

आई उठली. दाखला घेतला, घडी न घालता पिशवीत ठेवला आणि हळू आवाजात सांगू लागली. त्या सोमवारीच पोरीने घरी सगळं सांगितलं होतं. आईने तिला दटावलं, कोणी पाहिलं नाही तर गप्प राहा, मोठ्या लोकांच्या वाटेला जाऊ नकोस. दोन दिवस पोरीला घास गोड लागला नाही. बुधवारी घरी आली ती ठरवूनच. बाई सांगतात ते खोटं असणार नाही, म्हणाली. तेव्हा आईला आपलीच लाज वाटली. गुरुवारी सकाळी गणवेशाला कडक इस्त्री करून तिनेच पोरीला पाठवलं होतं.

बाईंनी माफी मागायला तोंड उघडलं.

“तुम्हाला बोल लावायला नाही आले मी,” आई म्हणाली. “सोमवारपासून ही नव्या शाळेत जाणार. माझं ती ऐकत नाही, तुमचा शब्द मात्र खाली पडू देत नाही. तेव्हा बाई, कोणी पाहिलं नसेल तर गप्प बसायचं, एवढं तुम्हीच तिला शिकवा.”