ग्रहणाचा सहावा तुकडा

"सहावा कुठाय?" डॉक्टर हयवदन यांनी विचारलं.

दिव्याच्या पेटीवर रत्नाकरच्या छातीच्या जुन्या एक्स-रे फोटोचे पाच तुकडे चिकटवले होते. शेजारी कालच काढलेला नवा फोटो, अखंड. जुना चौपन्न सालचा, रत्नाकर बंगलोरला कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागला तेव्हाचा. पुढच्या वर्षी जूनमध्ये सूर्यग्रहण आलं. असल्या फिल्ममधून सूर्य बघता येतो, असं प्रतिमाला कुणीतरी सांगितलं. तिनं नवऱ्याच्या फोटोचे कात्रीनं सहा तुकडे करून कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाटून टाकले. आता सात वर्षांनी डॉक्टरांनी तो मागितला आणि तिला दारोदार हिंडून नवऱ्याची छाती परत गोळा करावी लागली. एक तुकडा मागच्या ओळीतल्या परसूच्या न्हाणीघराला काच म्हणून बसवलेला होता. परसूनं तो काढून दिला, पण आंघोळ उरकल्यावर.

नव्हता तो उजव्या फुप्फुसाच्या तळाचा तुकडा. डॉक्टरांना नेमका तोच हवा होता.

डॉक्टर मिरजेला शिकलेले होते. मराठी स्वच्छ बोलत. "चांगलं फुप्फुस फोटोत काळं येतं," ते म्हणाले. "तुमच्या नव्या फोटोत इथं तळाशी पांढरी जाळी आहे. ती चौपन्न सालीही असेल, तर तो जुना व्रण. आहे तिथं बसून राहील. तुम्ही ऐंशी वर्षं जगाल आणि दुसऱ्याच कशानं तरी जाल. पण तेव्हा तिथं काळं असेल, तर जाळी या आठ वर्षांत विणली गेलीय. मग ती पुढेही विणत जाणार, वर वर चढणार. त्यावर माझ्याकडे औषध नाही."

"कारखान्याच्या कागदावर 'फिट' असा शिक्का आहे," रत्नाकर म्हणाला.

"शिक्का मारायला फोटो बघावा लागत नाही."

सहावा तुकडा शेजारच्या चंद्राबाईंकडे गेला होता. त्या मूळच्या निपाणीच्या. सगळी क्वार्टर्स त्यांना अक्का म्हणे. तुकडा त्यांनी ग्रहण सुटल्या सुटल्या चुलीत घातला होता, हे सगळ्यांना माहीत होतं, कारण तेव्हापासून त्या तेच सांगत होत्या. प्रतिमानं दिलेल्या तुकड्यातून सूर्य दिसलाच नाही, नुसता लखलखाट, चार दिवस डोळ्यांतून पाणी गळत होतं, असं त्या म्हणत. प्रतिमाचं म्हणणं, तुकडा फर्स्टक्लास होता, अक्कांचे डोळेच तसले. सात वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं. नळावर गाठ पडली की दोघी आपापल्या बादलीशी बोलत.

त्या दुपारी जेवता जेवता रत्नाकरचा हात थांबला.

"काळ्या तुकड्यातून ऊन अडतं," तो म्हणाला. "पांढऱ्यातून अडत नाही. अक्कांचे डोळे दिपले, म्हणजे तुकडा पांढरा होता. म्हणजे जाळी तेव्हाही होती."

प्रतिमानं पळी खाली ठेवली. "म्हणजे अक्का खरं बोलत होत्या?"

"खरंच बोलत असू देत, असं म्हण. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन ये. पण कशासाठी ते सांगू नकोस. शिकवलेली साक्ष नको."

सात वर्षांत पहिल्यांदा प्रतिमा शेजारच्या दारात उभी राहिली. "अक्का, चुकलं माझं," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यांना उगीच नावं ठेवली. यांना बरं नाही. डॉक्टरांना तुम्हाला त्या तुकड्याबद्दल काही विचारायचंय."

दुसऱ्या दिवशी अक्का ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून आल्या. दवाखान्याला बारा पायऱ्या होत्या. रत्नाकर त्या चढताना तीनदा थांबला. अक्का त्याच्या मागं होत्या. तीनदा त्याही थांबल्या.

"ग्रहणाच्या दिवशी त्या तुकड्यातून सूर्य कसा दिसला?" डॉक्टरांनी विचारलं. "जे दिसलं तेच सांगा."

प्रतिमानं पदराचं टोक मुठीत धरलं. अक्कांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग रत्नाकरकडे. तो अजून धापत होता.

"सरी, बरं, सांगते," अक्का म्हणाल्या. "छान दिसला."

"छान?"

"तव्यासारखा काळा तुकडा होता हो. त्यातून सूर्याची कोर दिसली, कापलेल्या नखाएवढी. शेवटपर्यंत बघितली मी. डोळ्याला काही झालं नाही."

"मग सात वर्षं तुम्ही..." रत्नाकरला वाक्य पुरं करायला दम पुरला नाही.

"मधला मोठा तुकडा हिनं स्वतःला ठेवला आणि मला कोपरा दिला. स्वल्प राग आला होता. एकदा बोलून गेले, मग मागं घेता येईना. पण आता माणूस आजारी पडलाय. त्याच्या फोटोला खोटी नावं ठेवून मी कुठं जाऊ?" अक्कांनी प्रतिमाच्या मुठीवर हात ठेवला. त्यांचा चेहरा सात वर्षांत इतका हलका कुणी बघितला नव्हता. "खरी होतीस गं तू. काळाकुट्ट तुकडा होता. डाग म्हणून नव्हता."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं आणि केसपेपर पुढ्यात ओढला.

"अक्का," प्रतिमा म्हणाली, "नीट आठवून बघा ना. थोडे तरी दुखले असतील डोळे."